वादसभेनंतरचं जेवण

आचार्य सुल्गर बदकाची तंगडी चोखत होते तेव्हा माटर्न विद्यापीठाच्या कोठडीत बसला होता, आणि ती तंगडी माटर्नच्याच जेवणातली होती. एवढं एक वाक्य ज्याला नीट कळलं त्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण लोकांना नीट कळत नाही. शिकलेल्यांना तर मुळीच नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी एंडर्ली. ऱ्हाइनकाठच्या या शहरात विद्यापीठाचा चोपदार. बाप दोर वळायचा, मीही वळायचो, अजूनही घरामागच्या लांब पडवीत वळतो. आमच्या शहरानं पोपशी नातं तोडलं तेव्हा मी पोरगा होतो. पाळक चौकात उभे राहून म्हणाले, आता देवाचं वचन आपल्या बोलीत आलंय, प्रत्येकानं आपलं आपण वाचावं, देवाच्या आणि माणसाच्या मधे दलाल नको. मी त्यांचा शब्द खरा धरला. ताग पिंजता पिंजता अक्षर ओळखायला शिकलो आणि वाचलं. तेव्हापासून पाळकांचं आणि माझं फारसं जमत नाही.

चोपदाराचं काम सोपं. चांदीची मूठ असलेला सोटा घेऊन विद्वानांच्या पुढे चालायचं. वादसभेची विधानं छापून आली की चर्चच्या दारावर ठोकायची. सभेत वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपली की म्हणायचं, "वेळ झाली." एरवी तोंड बंद. त्यांचं लॅटिन मला बोलता येत नाही, पण कळतं. इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर भिंतीलाही कळलं असतं.

आता वादसभेची रीत. विधानं लिहितो आचार्य आणि लढवतो विद्यार्थी. कागदावर वरती आचार्याचं नाव, 'यांच्या अध्यक्षतेखाली' म्हणून, आणि खाली उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचं. विद्यार्थी जिंकला तर गुरू थोर. हरला तर शिष्य मठ्ठ. मूळ विधानं कुणाच्या डोक्यातली हे कुणी विचारत नाही, लग्नात नवरीच्या आईला वय विचारत नाहीत तसं. सगळ्यांना माहीत असतं. आणि सभा संपली की नव्या पदवीधरानं सगळ्या आचार्यांना जेवू घालायचं, ही दुसरी रीत. पहिलीत एखादा चुकला तरी दुसरीत कुणी चुकत नाही.

माटर्न आमच्याकडे राहायचा, पडवीच्या वरच्या खोलीत. डोंगराकडचा पोर. उंच, थोडा वाकलेला, दारातून येताना नेहमी कपाळ आपटणारा. त्याच्या गावात प्लेग आला होता तेव्हा शाळामास्तर मेला आणि शाळा बंद पडली ती पडलीच. गावानं त्याला पाठवताना सांगितलं होतं, पदवी घेऊन ये, शाळा तुझी. दुसरं काही त्याला नको होतं. मोठ्या विद्यापीठातली जागा नको, पाळकाचा झगा नको. ती शाळा उघडायची आणि चुलीपाशी पोरं बसवायची. पदवीला शेवटची ही वादसभा तेवढी राहिली होती.

माझी बायको ओटिली त्याला जेवायला वाढताना रोज बोलायची. "पुस्तक बाजूला ठेव रे. सूप तू पितोस की ते पितं?"

"काकू, सातवं विधान गळ्याखाली उतरत नाही."

"मग सूप उतरव. विधान कुणी खायला सांगितलंय?"

"तुम्ही सांगा काका. जे पटत नाही ते लढवायचं कसं?"

मी म्हटलं, "पटवून घ्यायचं नसतंच बाबा. तलवार शिकवणारा मास्तर लाकडाच्या बाहुल्याला भोसकतो, त्याचं बाहुल्याशी वैर असतं का? पाठ कर, सभेत म्हण, जेवण घाल, गावी जा."

हा शहाणपणा मी सगळ्यांना देत आलो होतो आणि सगळ्यांना तो मानवला होता.

सातवं विधान असं होतं: ज्यानं ख्रिस्ताचं नाव कधी ऐकलं नाही, अशा माणसानं आपल्या बुद्धीच्या उजेडात चांगलं ओळखून केलेलं काम हे खरोखरच चांगलं असतं.

तुम्ही म्हणाल, यात काय आहे? आमच्या शहरात यात सगळं होतं. आमचे पाळक शिकवत होते की माणूस आतून इतका सडलाय की देवाच्या कृपेवाचून, श्रद्धेवाचून तो जे जे करतो ते पाप. भिकाऱ्याला भाकरी दिली तरी पाप, फक्त चकाकणारं. आणि आचार्य सुल्गरनी छापून आणलं की नाही, माणसाच्या डोक्यात देवानं एक दिवा ठेवलाय आणि तो अजून विझलेला नाही.

हे सुल्गर कोण, तेही ऐका. तरुणपणी इथल्याच मासळीबाजाराच्या चौकात त्यांनी जुन्या मठवाल्यांची तर्कशास्त्राची पुस्तकं जाळली होती. जळक्या चामड्याचा तो वास माझ्या नाकात अजून आहे. तेव्हा सगळे त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावानं थुंकत होते, ज्याच्या जोरावर मठवाले शेकडो वर्षं शब्दांचा कीस काढत बसले. थुंकून झालं. मग काही वर्षांत असं झालं की आमच्या नव्या धर्माच्या पोरांना दोन वाक्यांची गाठ मारता येईना, आणि पोपकडचे पंडित वादात त्यांना लोळवू लागले. तेव्हा त्याच ग्रीकाला मागच्या दारानं आत घेतलं, आंघोळ घातली, स्वच्छ कॉलर लावली आणि सांगितलं की हा तो नव्हेच. ही आंघोळ घालणाऱ्यांत सुल्गर पहिले. त्यांचं पाठ्यपुस्तक इथून उत्तर समुद्रापर्यंतच्या प्रोटेस्टंट शाळांतून चालतं. पुढे तत्त्वज्ञान म्हणून जे काही कुणी शिकेल ते याच तपेल्यातलं, मग त्याला ठाऊक असो वा नसो.

जुने ग्रंथ मुळातून वाचता वाचता त्यांना माणूस आवडायला लागला होता, आणि रविवारी पाळकांचं ऐकून माणसाची किळस यायला लागली होती. दोन्हींवर त्यांचं पोट भरत होतं. हिवाळ्यात वाइनचा तिसरा पेला झाला की म्हणायचे, "एंडर्ली, ते जुने ग्रीक स्वर्गात गाद्यांवर बसले असतील बघ, आणि आपले नगरसभेचे सभासद दाराशी त्यांचे जोडे सांभाळत." चौथ्या पेल्यानंतर म्हणायचे, "हे मी बोललो नाही हं."

मग छापलं कशाला? परदेशातला कुणी मित्र डिवचत असेल, किंवा म्हातारपणी नुसतीच खाज. वारा कुठून वाहतो ते बघायला माणूस बोट ओलं करून वर धरतो. सुल्गरनी दुसऱ्याचं बोट वर धरलं.

सभेच्या आदल्या आठवड्यात माटर्न पडवीत आला. मी मागे मागे सरकत दोर वळत होतो, तो माझ्याबरोबर पुढे पुढे चालत होता.

"काका, आमच्याकडे वेल्टी म्हणून एक होता."

"कोण वेल्टी?"

"मेलेली ढोरं ओढणारा. त्याला कुणी शिवायचं नाही. चर्चमध्ये बसायला जागा नाही, दाराबाहेर उभा राहायचा, तेही वाऱ्याच्या उलट बाजूला. प्रार्थना म्हणता यायची नाही त्याला. कुणी शिकवलीच नव्हती."

"बरं."

"प्लेग आला तेव्हा पाळक पळाला. मास्तर मेला. जे धडधाकट होते ते दारं लावून बसले. वेल्टी घरोघर पाणी द्यायचा. मेलेल्यांना तोच ओढून न्यायचा, ढोरांच्याच गाडीवरून. आमच्या घरात मी आणि आई दोघंही तापात. आईला त्याच्या हातचं चालेना, ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी प्यालो."

"मग?"

"मी जगलो. आई गेली. नंतर तोही गेला." माझ्या हातातल्या तागाचा एक धागा त्यानं ओढून घेतला. "थोरले पाळक म्हणतात श्रद्धेवाचून केलेलं प्रत्येक काम पाप. मग मी काय प्यालो, काका? पाप प्यालो?"

मी दोर सोडला नाही. सोडला असता तर सगळा पीळ उलगडला असता. म्हटलं, "हे सभेत बोलू नकोस. सभेत पुस्तकातलं बोलतात."

"हो, माहीत आहे," तो म्हणाला.

सभेच्या दिवशी पाऊस होता. दालनात ओल्या लोकरीचा आणि मेणबत्त्यांच्या चरबीचा वास कोंडला होता. पुढच्या रांगेत थोरले पाळक क्रिस्टन, सर्दीनं बेजार, मांडीवर रुमाल. शहरातल्या सगळ्या पाळकांचे हे वरिष्ठ. नगरसभा त्यांना विचारल्याशिवाय शिंकतही नाही. अध्यक्षाच्या उंच खुर्चीत सुल्गर, आणि खाली छोट्या कठड्याआड माटर्न. मी घड्याळापाशी.

पहिली सहा विधानं पार पडली. पाय बांधलेल्या बैलाशी झुंजावं तशी ती असतात. मग क्रिस्टन खोकले, रुमालात थुंकले, रुमालात काय आलं ते पाहिलं आणि उठले.

"सातवं. प्रमाण द्या."

सुल्गरनी यावर त्याला उत्तर लिहून दिलेलं होतं, मला माहीत आहे, तो वर खोलीत घोकत होता. जुन्या दोन अधिकारी पुरुषांची वचनं आणि मग पळवाट: एका अर्थी चांगलं, दुसऱ्या अर्थी नाही. सगळे अशीच पळवाट काढतात आणि सगळे मान डोलावतात. माटर्ननं पहिलं वचन म्हटलं. दुसरं सुरू केलं आणि थांबला. मग लॅटिन सोडून आमच्या बोलीत, डोंगराकडच्या आडव्या हेलात, त्यानं वेल्टीची गोष्ट सांगितली.

वादसभेत स्वतःचं काही सांगायचं नसतं. कुणी तसं केलेलं मी पाहिलं नव्हतं. भरल्या पंगतीत कुणी अंगरखा काढून पाठीवरचे वळ दाखवावेत तसे सगळे बघत राहिले.

क्रिस्टननी ऐकून घेतलं. तो माणूस मूर्ख नाही आणि भित्राही नाही. म्हणाले, "त्या मनुष्याचं काम लोकांच्या उपयोगी पडलं. देव गाढवाकडूनही ओझं वाहवतो. पण त्याच्यात श्रद्धा नव्हती, म्हणून ते काम पाप होतं. चकाकतं, पण पाप."

"मग मी काय प्यालो?" माटर्न म्हणाला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

क्रिस्टननी मान वर करून उंच खुर्चीकडे पाहिलं. "आचार्य सुल्गर, हे तुमचं मत आहे का?"

सुल्गर उठले. लेखणीचं टोक त्यांनी फडक्यानं पुसलं, खालून वर, पुन्हा खालून वर. म्हणाले, "विधानं उत्तर देणाऱ्याची असतात. खाली त्याचं नाव आहे. मी रीतीप्रमाणे अध्यक्षस्थानी बसलो, इतकंच. या विधानाविषयी मी त्याला आधीच सावध केलं होतं, याचं मला आज समाधान वाटतं."

समाधान. हा शब्द त्यांनी वापरला. मग माझ्याकडे वळले. "चोपदार, वेळ."

"वाळू शिल्लक आहे."

"वेळ झाली म्हणा."

"शिल्लक आहे, आचार्य. अर्धी आहे."

ते स्वतः खाली आले आणि त्यांनी घड्याळ आडवं ठेवलं. वाळू मधल्या मधे थांबली. माटर्नला मीच कोठडीत नेलं, कारण तेही चोपदाराचंच काम. दारातून जाताना त्याचं कपाळ आपटलं.

आता जेवण. ओटिलीनं दोन दिवस खपून केलेलं. सफरचंद भरलेली बदकं, नदीचा मोठा मासा, आंबवलेली कोबी, काळी भाकरी, बदामाची खीर. माटर्नच्या गावानं त्यासाठी चीजचे चाकाएवढे गोळे पाठवले होते, गवतात गुंडाळून. ओटिली मला म्हणाली, "आता हे कुणाला? कोण येणार?"

सगळे आले.

ओले झगे खुंटीला लावून, हात चोळत, आमच्या ओसरीत बसले. थोरले पाळक आले नाहीत, त्यांना सर्दी होती. बाकी व्याकरणवाला, वैद्यकवाला, कायद्याचा जाडा आचार्य, सगळे. कायद्याचा म्हणाला, "अन्न वाया घालवणं हेही पापच." त्यावर हशा झाला. कुणी माटर्नचं नाव घेतलं नाही. माशाला चिखलाची चव लागते की नाही यावर वाद झाला, आणि तो मी इतक्या वर्षांत ऐकलेला एकमेव खरा वाद, कारण त्यात दोघांनाही आपण बोलतो ते पटत होतं.

सुल्गर तंगडी हातात धरून खात होते. आधी मांस काढलं. मग हाड मधे मोडलं आणि आतला मगज चोखला, डोळे मिटून. हनुवटीवरून चरबीचा ओघळ झग्याच्या पांढऱ्या कॉलरवर उतरला. त्यांनी बोटानं तो निपटला आणि बोट चाटलं. मी बाहेर जाऊन पडवीत उभा राहिलो, तरी चोखण्याचा आवाज ऐकू येत होता.

निघताना ते ओटिलीला म्हणाले, "बाई, बदक उत्कृष्ट. नेहमी अशी चव लागत नाही."

ओटिली म्हणाली, "पोराला पाठवलंत ना आत, म्हणून तुमच्या वाट्याला जास्त आलं."

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. या कामात ते पंडित आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुल्गर माझ्याकडे आले. हातात घडी केलेला कागद. "एंडर्ली, परवा पाळकांची धर्मसभा निवाड्याला बसेल. पोराला समजाव. क्षमापत्र मी लिहून आणलंय. गुडघे टेकून वाचायचं फक्त. पदवी वर्षभर लांबेल, पण शाळा जाणार नाही. मी बोललोय क्रिस्टनशी."

"हेही तुम्हीच लिहिलंत?"

"त्याचं लॅटिन एवढं चांगलं नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. लाजेचा मागमूस नाही. आपण मदत करतोय असं त्यांना खरंच वाटत होतं. माणूस आतून सडलेला आहे हे पाळकांचं म्हणणं मला एरवी पटत नाही. त्या दिवशी त्यांच्या बाजूनं एक प्रमाण उभं होतं, स्वच्छ कॉलर लावून.

कोठडीत माटर्ननं कागद वाचला. "काका, फार सुंदर लिहिलंय. इथं तर मला रडूच आलं. माझ्यापेक्षा यांनाच जास्त पश्चात्ताप झालाय."

"थट्टा पुरे. ऐक. हे वाचायचं नसेल तर वाचू नकोस. सरळ सांग की विधान त्यांचं. सगळ्यांना माहीत आहे. खरं तेच सांगायचंय तुला. सुटशील, गावी जाशील."

"खरं तेच," तो म्हणाला.

"मग काय अडचण आहे?"

"काही नाही. बघतो." आणि त्यानं कागदाची पुन्हा नीट घडी केली, जशी होती तशी.

धर्मसभा चर्चला लागून असलेल्या थंड खोलीत बसली. मधे क्रिस्टन, दोन बाजूंना नगरसभेचे दोघे, आणि भिंतीकडेच्या बाकावर आचार्यमंडळी, त्यांत सुल्गर. माटर्नला मी आत आणून उभं केलं. नियमानं मी मागे सरकायचं होतं. मी सरकलो नाही. सोटा फरशीवर आपटला.

क्रिस्टन म्हणाले, "काय आहे?"

"बोलायचंय."

"चोपदारानं बोलायचं नसतं."

"प्रत्येकानं आपलं आपण वाचावं म्हणालात, म्हणून वाचायला शिकलो. आता वाचलेलं बोलतो. ते विधान आचार्य सुल्गरांनी लिहिलंय. सगळी विधानं आचार्यच लिहितात. या बाकावर बसलेल्या प्रत्येकानं लिहिली आहेत. पोरानं फक्त तोंड उसनं दिलं."

कायद्याचा आचार्य आपली नखं पाहू लागला. व्याकरणवाल्यानं छताकडे पाहिलं. बाकावरचा एकही माणूस म्हणाला नाही की हे खोटं आहे. एकही म्हणाला नाही की हे खरं आहे.

क्रिस्टन शांतपणे म्हणाले, "आम्हाला माहीत आहे."

मला वाटलं होतं भिंत फोडायची आहे. तिथं भिंतच नव्हती. त्यांना माहीत होतं आणि त्यानं काही बिघडत नव्हतं.

"कुणी लिहिलं हा प्रश्न नाही, एंडर्ली. देवापुढे माणूस दुसऱ्याच्या तोंडानं उभा राहत नाही. याचसाठी आपण पोपला सोडलं. तेव्हा त्यालाच विचारू." ते माटर्नकडे वळले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला, हे मी खोटं सांगणार नाही. "मुला, हे विधान तुझं आहे की तुला दिलेलं? दिलेलं असेल तर तसं सांग आणि घरी जा. क्षमापत्रही नको. मग ज्यानं दिलं त्याच्याशी आम्ही बोलू."

दार सताड उघडं होतं. बाहेर डोंगर, गाव, शाळा, चूल. माटर्ननं फक्त बोट दाखवायचं होतं.

सुल्गर पांढरे पडले. जीभ ओठांवरून फिरली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मांडीवरच्या हातातली अंगठी गरागरा फिरत होती. ग्रीक, लॅटिन, आगीत टाकलेली पुस्तकं, आगीतून काढलेली पुस्तकं, माणसाच्या डोक्यातला तो दिवा, सगळं त्या अंगठीबरोबर फिरत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

माटर्न त्यांच्याकडे पाहत होता. रागानं नव्हे. सुताराकडून खुर्ची आणावी, मग तिच्यावर इतकी वर्षं बसावं की सुताराची आठवण राहू नये, तसं काहीसं.

"सहा विधानं दिलेली होती," तो म्हणाला. "ती परत घ्या. सातवं माझं आहे."

"तुला समजतंय का, काय बोलतोस?"

"पाणी मी प्यालोय, पाळकसाहेब. आचार्यांनी नाही."

क्रिस्टननी डोळे मिटले. खरं सांगायचं तर त्या खोलीत त्यांना एकट्यालाच काहीतरी कळलं होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांच्या पिढीनं मूर्ती फोडल्या, राजांना नाही म्हटलं, तीच गोष्ट समोर कपाळावर टेंगूळ घेऊन उभी होती. त्यांना ती ओळखू आली. ओळखून त्यांनी तिला हाकलून दिलं. मला त्यांचीच जास्त किळस येते, सुल्गरपेक्षाही. सुल्गर निदान आंधळे तरी झाले होते.

आणि सुल्गरांनी श्वास सोडला. मी जवळ होतो, मला ऐकू आला. तुडुंब जेवल्यावर कमरेचा पट्टा सैल करताना सोडतात तसा.

क्रिस्टननी निकाल दिला. शहर सोडायचं. आमच्या धर्माच्या कुठल्याही शाळेत शिकवायचं नाही. तसं गावोगाव कळवण्यात येईल, त्याच्या गावीही. दोन बोटं वर करून परत न येण्याची शपथ घ्यायची. माटर्ननं बोटं वर केली. ती सुल्गरांनी वारा बघायला धरलेल्या त्याच हाताची होती, पण आता त्याची स्वतःची होती.

वेशीपर्यंत मी सोटा घेऊन पुढे चाललो. हद्दपाराच्याही पुढे चोपदार चालतो, विद्वानाच्या पुढे चालतो तसाच. ओटिली भाकरीचं गाठोडं घेऊन आधीच उभी होती.

"कुठे जाशील रे?"

"खाली, नदीबरोबर. सखल मुलुखात म्हणे छापखाने पुष्कळ आहेत. वाचायला येणारा माणूस लागतो त्यांना."

"आणि शाळा?"

डोंगराच्या दिशेला त्यानं पाहिलंही नाही, आणि त्यावरून मला कळलं की ते केवढं होतं. मग म्हणाला, "काकू, जेवण कसं झालं होतं? मला विचारायचंच राहिलं."

ओटिलीनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. म्हणाली, "मीठ फार पडलं होतं. कुणाला आवडलं नाही."

"वाईट झालं," तो म्हणाला आणि हसला. तिचं खोटं त्याला कळलं होतं.

महिन्याभरानं सुल्गरांनी मला बोलावलं. टेबलावर छापखान्यातून आलेला ताजा कागद, शाई ओली. वर त्यांचं नाव. खाली एका मेणासारख्या मऊ पोराचं, औषधवाल्याच्या मुलाचं. सातवं विधान: श्रद्धेवाचून केलेलं प्रत्येक काम, दिसायला कितीही चांगलं असो, पापच होय. लॅटिन सुंदर होतं. मागच्या वेळेपेक्षाही सुंदर.

"दारावर लाव," ते म्हणाले. "आणि जेवणाचं बाईंना सांग. बदकच करा म्हणावं."

मी हातोडी टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी खिळे. सोटा कोपऱ्यात उभा केला.

"हे काय?"

"तुम्ही लिहिलंय, तुम्ही ठोका."

"एंडर्ली, रीत अशी नाही."

"माहीत आहे."

"मग विधानं कोण लावणार? सभा गुरुवारी आहे." त्यांना माझा राग कळला नव्हता. खिळ्यांची काळजी पडली होती. मी बाहेर पडलो तेव्हा ते शिपायाला हाका मारत होते.

घरी आलो. ओटिलीनं त्या जेवणाच्या बदकांची चरबी कढवून मातीच्या मडक्यात भरून ठेवली होती. हिवाळाभर भाकरीला पुरली असती. आम्ही तिला हात लावला नव्हता, आणि एकमेकांना तसं बोललोही नव्हतो. मी सोटा ठेवून आलो म्हटल्यावर ती उठली, मडकं काखेत घेतलं, आणि आम्ही कातडी कमावणाऱ्यांच्या घाटावर गेलो. तिथं पाणी नेहमी तपकिरी असतं आणि वास असा की नाक धरून चालावं लागतं.

तिनं मडकं पालथं केलं. चरबी घट्ट झाली होती, पडेना. काठीनं उकरून काढली. मागून कुत्री आली आणि चाटूनपुसून खाऊन गेली. कुत्र्यांना ती चालली.

मडकं तिनं घासलं, वाळूनं, तीन-चारदा. मग नाकाजवळ नेलं, तोंड वाकडं केलं आणि नदीत सोडून दिलं.

"चल," ती म्हणाली. "ताग भिजत घालायचाय."